वेळ भरली, की अर्थिंग तुटलं?

न्हाणीत शॉक लागून कुणी गेलं की लोकांच्या तोंडी एकच वाक्य येतं : त्याची वेळ भरली होती. नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी असो की पुण्यातली सोसायटी, बोलणं हेच. त्यामागे माया असते. आधीच कोसळलेल्या घराला आणखी बोल लागू नये, म्हणून माणसं असं म्हणतात. पण त्या वाक्यात एक दावाही दडलेला असतो : मरणाची घटका आधीच ठरलेली होती, गीझर नुसता निमित्त झाला. हे खरं मानायचं का?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय याच वादाचा. पांचाल देश, कांपिल्य नगरी, उन्हाळ्याचा शेवट. पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह गंगाकाठच्या वनात फिरताहेत आणि अग्निवेश विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय दैव नाकारत नाहीत. मात्र आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, अशा दोहोंवर उभं असतं, असं ते सांगतात. सगळंच नेमलेलं असेल, तर औषध कशाला घ्यायचं? बिथरलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला तरी का व्हायचं? पुढे ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजून, आपल्या वेळी संपतो. तोच आस जादा ओझ्याने, खराब रस्त्याने, खीळ निसटल्याने किंवा वंगण नसल्याने मध्येच मोडतो. अशा मोडण्याला वेळ भरली म्हणत नाहीत.

खीळ निसटणं म्हणजे काय, ते न्हाणीतल्या बोर्डाजवळ उभं राहिलं की कळतं. थ्री-पिन प्लगची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब एवढ्यासाठी, की प्लग लावताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. अनेक घरांत नेमकी तीच निकामी असते. सॉकेटमागे पाहावं तर अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळून, वर टेप मारून ठेवलेली. तिच्यावाचून गीझर तापतो, दिवा लागतो, काही अडत नाही. आतलं एलिमेंट फुटेपर्यंत.

एलिमेंट फुटलं की गीझरच्या अंगात आणि पाण्यात फेज उतरते. डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो, त्यामुळे वीज जमिनीतून डीपीकडे परतायची वाट शोधते. हिरवी वायर शाबूत असली तर ती वाट तारेची होते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. ती नसली तर वाट अंगातून जाते. कोरडी कातडी बराच अडसर करते. भिजलेल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहमवर येतो. 230 व्होल्टला एवढ्या रोधातून पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, हृदयाची लय मात्र तेवढ्याने बिघडते.

म्हणून न्हाणीघरासाठी आणखी एक खबरदारी सांगितली जाते. ब्रिटनमध्ये नळाचे पाइप आणि खोली तापवणारे रेडिएटर तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून अर्थला नेत. नंदुरबारला रेडिएटर कुठला, पण गीझर, लोखंडी पाइप आणि नळ आहेतच. सगळं धातूचं सामान असं जोडलेलं असलं की बिघाड झाल्यावर सगळ्यांवरचा विजेचा दाब जवळपास सारखाच राहतो. एका हातात नळ आणि दुसरा हात गीझरवर, तरी दोहोंत मारक फरक उरत नाही. उघड्या तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, तेही याच कारणाने.

इथे अग्निवेशाचा आणखी एक प्रश्न आठवतो. त्याच अध्यायात तो आधी येतो. वेगवेगळ्या प्रकृतीची, वेगवेगळ्या आहाराची माणसं एकदम कशी मरतात? आत्रेय उत्तर देतात : वारा, पाणी, देश आणि काळ सगळ्यांचे सामाईक असतात. एकेकट्या माणसाच्या कर्माचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे उत्तर पुन्हा वाचावं. नळाचा पाइपही असाच सामाईक असतो. पूर्वी लोखंडी पाइप सरळ जमिनीत जाई, म्हणून कुणी अर्थची वायर नळालाच गुंडाळत. मग मधला तुकडा फुटला आणि तिथे पीव्हीसी आला. जमिनीशी नातं तुटलं, वायर तशीच राहिली. आता गीझर बिघडला की त्या पाइपावरचा प्रत्येक नळ शॉक देऊ शकतो. भाड्याच्या चाळीत गीझर एकाचा, आंघोळ दुसऱ्याची. मेलेल्याने कोणतं कर्म केलं होतं?

कारण चुकीचं धरलं तर दुसरा जीवही धोक्यात येतो. नंदुरबारकडच्या सातपुड्याच्या पट्ट्यात अचानक झालेल्या मरणाचं खापर एखाद्या बाईवर फोडून तिला डाकीण ठरवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. अंगावर जखम नसलेलं, बंद दाराआडचं मरण अशा संशयाला सहज खाद्य पुरवतं. 2013 मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण संशयाची जागा घ्यायला खरं कारण लोकांना दिसावं लागतं, आणि हिरवी वायर दाखवता येते.

देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मरतात. 2003 च्या विद्युत अधिनियमाचं कलम 161 अशा अपघाताच्या चौकशीची तरतूद करतं. विद्युत निरीक्षक येतो तेव्हा विचारतो ते आत्रेयांसारखंच : भार किती होता, जोड कुठे सुटला, देखभाल कुणी करायची होती? दैव मानणाऱ्या माणसालाही हे प्रश्न विचारता येतात. चरकाच्या त्याच अध्यायात दुबळं दैव प्रबळ पुरुषकारापुढे हरतं, असं स्पष्ट म्हटलं आहे. तो पुरुषकार इथे अगदी साधा आहे : वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं, त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणं, वायरमनकडून अर्थिंग मोजून घेणं आणि चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळली की मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं.