साम्याची हद्द

गाजलेल्या गेमसारखा दिसणारा दुसरा गेम बाजारात आला की खेळणारे लगेच ‘चोरी’ म्हणून मोकळे होतात. कायदा एवढी घाई करत नाही. कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, मालकी तिला दिलेल्या रूपाची असते, हे तत्त्व व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये ते मांडलं, तेही हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीबद्दल. आपल्याकडे १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात नाटक आणि सिनेमाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं: विषय आणि कथाकल्पना सर्वांना मोकळी, मांडणी मात्र राखीव. पण गेममध्ये कल्पना कुठे संपते आणि रूप कुठे सुरू होतं? त्याची रेघ चाळीसहून अधिक वर्षं सरकतेच आहे.

१९८१ मध्ये अटारीने आपल्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ची नक्कल केल्याबद्दल ‘मीटिअर्स’ नावाच्या गेमवर दावा लावला. न्यायाधीशांनी दोघांतली तब्बल २२ साम्यं मोजली आणि तरीही अटारी हरली. अवकाशयानातून उल्का फोडायचा गेम करायचा म्हटल्यावर उल्का लहानमोठ्या असणार, गोळी लागली की त्यांचे तुकडे होणार. हे विषयाच्या पोटातूनच येतं. पुढच्याच वर्षी मात्र पारडं फिरलं. ‘पॅक-मॅन’च्या घरगुती आवृत्तीचे हक्क अटारीकडे होते आणि समोर होता ‘के. सी. मंचकिन’. अपील न्यायालयाने चक्रव्यूह आणि ठिपके मोकळे ठेवले, पण ते गिळत सुटणारं गोलमटोल पात्र आणि त्याच्यामागे लागलेली भुतं निव्वळ कल्पनाशक्तीतून आलेली आहेत, म्हणून ती राखीव ठरवली. मंचकिनमधले ठिपके स्वतः पळायचे, हे खरंतर पॅक-मॅनच्या पुढचं पाऊल होतं. न्यायालयाला त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही काय नवं केलंत यापेक्षा काय उचललंत, हा प्रश्न मोठा ठरला.

१९८८ मध्ये कराटेच्या गेमवरून झालेल्या खटल्यात पुन्हा उलट निकाल. लाथा, बुक्क्या आणि पंच कराटेत असायचेच. एकूण जो गेम वास्तवाच्या जवळ, त्याचं संरक्षण पातळ, असं एक सूत्र हाती येत होतं. मग जो गेम कशासारखाच नाही, त्याचं काय?

हा पेच ‘टेट्रिस’ने पुढे आणला. झिओ नावाच्या छोट्या कंपनीने आयफोनसाठी ‘मिनो’ काढला. आपण टेट्रिसवरून उचललं, हे ती नाकारतही नव्हती. तिचं म्हणणं असं, की आम्ही आधी कायदा तपासला आणि नियम तेवढे घेतले. ठोकळ्यांचे आकारसुद्धा नियमच. युक्तिवाद हुशार होता आणि माझ्या मते अगदीच पोकळही नव्हता. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने तो फेटाळला. ठोकळे पडणं, ओळ भरली की नाहीशी होणं, ही कल्पना. पण त्या ठोकळ्यांचं रूप, दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच पट, पुढचा ठोकळा आधी दाखवण्याची रीत, ही सगळी निवड आहे आणि ती वेगळी करता आली असती. निकाल पटतो, पण पटाच्या मापालाही निवडीचं मोल मिळालं, हे जरा खटकतं.

इथपर्यंत गोष्ट कॉपीराइटची. ट्रेडमार्कचं तर्कशास्त्र निराळं आहे आणि त्याचा उत्तम दाखला आपल्याकडचाच. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ काढला. फेसबुकवर तो तुफान चालला आणि ‘स्क्रॅबल’चे हक्क असलेली मॅटेल २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने पट आणि नियमांवरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण नाव फसवं साम्य असलेलं ठरवलं. म्हणजे जे खरोखर उचललं होतं ते चाललं, आणि नडलं ते वरचं लेबल. पुढे गेमचं नाव ‘लेक्स्युलस’ झालं आणि तो चालू राहिला. छोट्या डेव्हलपरला माझ्या दृष्टीने हाच सर्वांत टाळता येण्याजोगा धोका. मूळ नावाची आठवण करून देणारं नाव ठेवण्याचा मोह आवरायला वकील लागत नाही.

मोठ्या नावांपुढे प्रत्येक वेळी मान तुकवावीच लागते असंही नाही. ‘डाँकी काँग’ म्हणजे आमचा ‘किंग काँग’, असं म्हणत युनिव्हर्सल स्टुडिओ निन्टेंडोवर धावून गेला होता. किंग काँगची कथा कुणाच्याच मालकीची राहिलेली नाही, हे काही वर्षांपूर्वी त्याच स्टुडिओने दुसऱ्या खटल्यात सांगितलेलं होतं. तो हरला. पण निन्टेंडोजवळ लढण्याइतका पैसा होता. १९८७ मध्ये ‘सुपर मारिओ’सारखा दिसणारा ‘द ग्रेट गियाना सिस्टर्स’ आला, तेव्हा निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही, विक्री थांबली. किती गेम असे थांबले, ते खटल्यांच्या ग्रंथांत सापडायचं नाही.

आता निन्टेंडो दुसऱ्या टोकाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘पालवर्ल्ड’मधले प्राणी पोकेमॉनसारखे दिसतात, यावर जगभर गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या न्यायालयात दावा लावला, पण दिसण्यावर नाही, पेटंटवर. चर्चेत आली ती प्राणी पकडायला चेंडू फेकणं, प्राण्यावर स्वार होणं अशी खेळण्याची यंत्रणा. दीडशे वर्षं मोकळी म्हणून बाजूला ठेवलेली तीच चीज. दाव्यातली पेटंटं पालवर्ल्ड आल्यानंतर, २०२१ च्या जुन्या अर्जातून काढलेली. मागितलेली भरपाई दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी पन्नास लाख येन, म्हणजे या धंद्यात चिल्लर. खरी मागणी गेमवर बंदीची. पालवर्ल्ड बनवणाऱ्या पॉकेटपेअरने निकालाची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेंडू फेकून प्राणी बाहेर काढण्याची सोय गेली, मे २०२५ मध्ये प्राण्याला धरून तरंगण्याची पद्धत बदलली. दोन्ही वेळा बदल न करता न्यायालयात लढत राहणंही शक्य होतं. पण मधल्या काळात गेम विकायचाही होता.