लपण्याची जागा आणि शरणपूर



पैसे घेऊन खून करणारे दोन आयरिश पुरुष बेल्जियममधील ब्रूज या जुन्या नगरात लपून राहतात, अशी मार्टिन मॅकडोना यांच्या 'इन ब्रूज' (२००८) या चित्रपटाची कथा आहे. त्यातील भाषा शिवराळ आहे, रक्तपात पुष्कळ आहे, आणि जेथे आपण हसतो तेथे हसल्याची पुढे लाज वाटते. मुलाबाळांसह पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. तरीही गणनाचा ३५ वा अध्याय वाचताना तो माझ्या मनातून जात नाही.

रे या तरुणाचे हे पहिलेच काम. पापनिवेदनाच्या कक्षात बसून, आपण पैशासाठी खून केला, असे तो याजकास सांगतो. कोणाचा, असे विचारताच, तुमचाच, असे म्हणून गोळ्या झाडतो. एक गोळी प्रार्थनेस आलेल्या लहान मुलास लागते. त्याच्या हातातील कागदावर त्याने आपली पापे लिहून आणलेली असतात : चिडचिड, गणितातील कच्चेपणा, उदासी. असली पापे!

इस्राएलास सहा शरणपुरे नेमून दिली होती, यार्देनेच्या दोन्ही बाजूंस तीन तीन. (नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वसाहतीचेही नाव शरणपूरच.) नकळत मनुष्यवध करणाऱ्यास तेथे संरक्षण मिळे, हेतुपुरस्सर खून करणाऱ्यास मात्र वेदीपासूनही ओढून न्यावे, अशी निर्गमात आज्ञा आहे. भाषांतरकार या अध्यायात अडखळतो. हिब्रूतील 'रोत्सेआख' हा एकच शब्द येथे दोघांनाही लावला आहे. मराठीत एकास खुनी व दुसऱ्यास मनुष्यवध करणारा म्हणणे भागच आहे. परंतु त्यामुळे मूळ शब्दाचा भार हलका होतो. रे तर एकाच घटकेस दोन्ही झाला. मुलासाठी तो स्वतःचा जीव घ्यावयास निघतो. याजकासाठी त्याला तसा शोक होत नाही. प्रेक्षकही त्या याजकास लवकरच विसरतो. ठरवून केलेल्या खुनापेक्षा अपघाती मरणाचे दुःख आपणास अधिक व्हावे, हे विचित्र नव्हे काय? नियमशास्त्राचे तोलमाप याच्या उलट आहे.

या दोघांचा मालक हॅरी हा आपल्या परीने नियमाचा मोठा अभिमानी. जो बालकाचा जीव घेईल त्याने तत्क्षणी मेले पाहिजे, हा त्याचा नियम. शेवटी आपल्याच हातून बालक मेले असे समजून तो स्वतःवर गोळी झाडतो. मेलेला मनुष्य ठेंगणा प्रौढ होता, हे ऐकून घेण्याइतकाही वेळ तो देत नाही. यहोशवाच्या २० व्या अध्यायात पळून आलेल्याने नगराच्या वेशीत उभे राहून वडीलजनांना आपली हकीकत सांगावी, असे आहे. शरणपूर बोलल्याने उघडते. ब्रूजमध्ये मात्र तोंड उघडले की सापडलो. ते लपण्याचे ठिकाण आहे. कक्षातले रेचे निवेदन शब्दशः खरे होते, परंतु ते पिस्तुलासह केलेले होते.

आश्रितास महायाजकाच्या मृत्यूपर्यंत नगराबाहेर जाता येत नसे. आणि बुद्धिपुरस्सर खुनी असेल त्याच्यासाठी तर खंडणीही घेऊ नये, असे मोशे सांगतो. इब्री लोकांस पत्र मात्र आश्रयास धावलेल्यांविषयी बोलताना आपल्याला त्या महायाजकाकडे नेते, ज्याने स्वतःलाच अर्पण केले. रेला ठार करण्याचा हुकूम ज्याला होता तो केन त्याला वाचवतो, आणि अखेर त्याला सावध करण्यासाठी घंटाघराच्या मनोऱ्यावरून उडी घेतो. केन काही ख्रिस्त नव्हे. त्याचेही हात रक्ताने माखलेले आहेत. तरी आपल्यासाठी कोणी मरतो, हे रेला तेथेच प्रथम कळते.

वाचकहो, शिक्षा भोगून सुटलेला एखादा खुनी येत्या रविवारी तुमच्या मंडळीच्या दारात आला, आणि केवळ अपघाताची नव्हे तर ठरवून केलेल्या कृत्याचीही हकीकत सांगू लागला, तर तुमचे वडीलजन ती पूर्ण ऐकून घेतील काय? आणि मारलेल्याची विधवा त्याच मंडळीत बसत असेल, तर?

घायाळ रेला शेवटी रुग्णवाहिकेकडे नेतात. वाचलो तर त्या मुलाच्या आईकडे जाईन आणि ती देईल ती शिक्षा भोगीन, असे तो मनाशी ठरवतो. याजकाचे नाव तेव्हाही त्याच्या ओठांवर येत नाही.