कोठडीवरची पाटी

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘पॉर्फिरिया’ ही कविता जानेवारी १८३६मध्ये लंडनच्या ‘मंथली रिपॉझिटरी’ मासिकात आली, तेव्हा तिच्यावर कसलीही पाटी नव्हती. वादळी रात्री प्रेयसी येते, प्रियकर तिच्याच केसांनी तिचा गळा आवळतो आणि स्वतःच ते सांगतो. १८४२च्या ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’मध्ये ही कविता घेताना ब्राउनिंगने तिला ‘वेड्यांच्या कोठड्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली बसवलं आणि पुढे तो मथळा काढूनही टाकला. पाटी लागली आणि उतरली, या छोट्या घडामोडीत ड्रॅमॅटिक मोनोलॉगमधल्या, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडी असलेल्या कवितेतल्या, झपाटलेल्या प्रेमिकाचं बरंचसं चरित्र आलं, असं मला वाटतं. सुरुवातीला त्याला वेड्यांत काढण्याची सोय होती; कवी जसजसे पुढे गेले तसतशी ती सोय वाचकाच्या हातून निसटत गेली.

पाटीची गरज तरी का पडली असेल? जेम्स प्रिचर्ड या डॉक्टरचा वेडेपणावरचा ग्रंथ १८३५चा. बुद्धी शाबूत, पण भावना आणि वागणं बिघडलेलं, असाही वेडेपणा असतो ही कल्पना त्याने इंग्लंडमध्ये रूढ केली. तेव्हा ही कविता म्हणजे अशा रुग्णाची छंदोबद्ध नोंदच, असं कुणी म्हणेल. पण मग साठ ओळींपैकी कितीतरी ओळी घरकामासारख्या साध्या हालचालींवर का खर्ची पडाव्यात? ती दार लावून घेते, गुडघे टेकून चूल फुलवते, ओला झगा उतरवते, त्याचा हात उचलून स्वतःच्या कमरेभोवती ठेवते आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेते. तो गप्प. खुनानंतर तो तीच मांडणी उलटी करतो: आता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. हा झटका नव्हे, हिशेब आहे. जी बाई आपल्या मर्जीने आली ती आपल्या मर्जीने जाईलही, एवढंच त्याला सहन होत नाही.

हाच हिशेब त्याच संग्रहातला फेराराचा ड्यूक मांडतो, पण त्याला कोठडी नाही, राजवाडा आहे. ‘माय लास्ट डचेस’मध्ये मृत पत्नीच्या चित्रावरचा पडदा सारण्याचा हक्क फक्त त्याचा. बायकोबद्दल त्याची तक्रार काय, तर ती कशालाही हसायची: मावळतीच्या उजेडाला, कुणीतरी तोडून दिलेल्या चेरीच्या फांदीला, पांढऱ्या खेचराला. त्याच्या नऊशे वर्षांच्या नावाला वेगळा भाव नव्हता. आणि हे तो ऐकवतो कुणाला? पुढच्या सोयरिकीसाठी आलेल्या दूताला, हुंड्याचं बोलता बोलता! कविता सोळाव्या शतकातल्या इटलीची असली तरी १८४२च्या इंग्रज वाचकाला ही मालकीची भाषा परकी नव्हती. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेला कायद्याने पुरतं संरक्षण मिळायला १८८२ उजाडलं. अशा माणसाला वेडा ठरवायचं, तर अर्धा समाज तपासावा लागेल.

रॉबर्ट लँगबॉम या समीक्षकाने १९५७मध्ये मांडलं की मोनोलॉग वाचताना आपण नैतिक निवाडा बाजूला ठेवून बोलणाऱ्याशी समरस होतो, ड्यूकच्या रुबाबावर भाळतो. निम्मं खरं आहे. माझ्या मते निवाडा बाजूला पडत नाही, लांबतो. आणि उशिरा येतो तेव्हा आपण इतका वेळ मान डोलवत होतो हेही त्याच्यासोबत कळतं. टेनिसनच्या ‘मॉड’मध्ये (१८५५) हा लांबलेला निवाडा शेवटपर्यंत मिळतच नाही. नायक प्रेयसीच्या भावाला द्वंद्वात मारतो, भ्रमिष्ट होतो आणि क्रिमियाच्या युद्धावर निघाल्यावर स्वतःला बरा झालेला समजतो. तो खरंच बरा झाला, की त्याच्या हिंसेला सरकारमान्य जागा मिळाली? (आपल्याकडे दिवाकरांनी ब्राउनिंगच्या मोनोलॉगवरून नाट्यछटा घडवली, पण त्यांनी उचललं ते मुख्यतः माणसांचं ढोंग, हे झपाटलेपण मागेच राहिलं.)

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. या सगळ्यात बाईला तोंड कुठे आहे? मारणाराच बोलतो, कवी त्याला उत्तम भाषा पुरवतो. हे नाकारता येत नाही, आणि ऑगस्टा वेब्स्टर या कवयित्रीने १८७०मध्ये ‘अ कास्टअवे’त देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाच बोलतं केलं, ते हा साचा पुरुषांच्या हातून काढून घेण्यासारखंच होतं. पण त्याआधी ब्राउनिंगलाही ही अडचण उमगली असावी. १६९८च्या रोममधल्या एका खटल्याची जुनी कागदपत्रं त्याला १८६०मध्ये फ्लॉरेन्सच्या बाजारात मिळाली आणि त्यांतून ‘द रिंग अँड द बुक’ (१८६८-६९) उभं राहिलं. तिथे जखमांनी मरणाऱ्या पॉम्पिलियाला स्वतंत्र सर्ग आहे. तिचा मारेकरी नवरा ग्विडो मात्र दोनदा बोलतो: आधी न्यायाधीशांसमोर, सारवासारव करत, नंतर मृत्यूची शिक्षा ठरल्यावर कोठडीत, मुखवटा फेकून. त्याला न्यायला माणसं येतात तेव्हा तो धर्मगुरूंचा, ख्रिस्ताचा, मेरीचा, देवाचा धावा करतो, आणि सर्वांत शेवटी, वाचवण्यासाठी, पॉम्पिलियाला हाक मारतो.