वाट कोणी कोणाला द्यायची?

मराठीत वाट पाहतात, वाट चुकते, एखाद्याची वाट लागते, आणि वाट देतातही. यांतला शेवटचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली की मोकळ्या हाताने चालणाऱ्याने बांधाच्या कडेला सरकायचे, हे खेड्यात कोणाला शिकवावे लागत नसे. आपण सीमाभागातली माणसे हीच मागणी निरनिराळ्या भाषांत ऐकत आलो. तेलुगूत ‘दारि इव्वंडी’, कन्नडात ‘दारि बिडि’, आणि अंबरपेठेच्या गर्दीत दखनी थाटाचे ‘रस्ता देओ’. भाषा कोणतीही असो, शहरात ही मागणी बहुधा घाईतला माणूस करतो. हळू चालणारा गुपचूप बाजूला होतो. माझा प्रश्न येथूनच सुरू होतो. वेगवानाने थांबायचे की मंदगतीने सरकायचे? आणि दोघांचे एका रस्त्यावर जमतच नसेल, तर मंदगतीसाठी वेगळी वाट काढून देणे हा न्याय म्हणायचा, की गोड शब्दांतली हद्दपारी?

प्रश्न पुस्तकी नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हैदराबादच्या बाह्य वर्तुळाकार मार्गालगत २३ किलोमीटर लांबीचा, सौर छताचा सायकलमार्ग खुला झाला. नानकरामगुड्यापासून पोलीस अकादमीपर्यंत साडेआठ किलोमीटर आणि नारसिंगीपासून कोल्लूरपर्यंत साडेचौदा, असे त्याचे दोन भाग. रुंदी साडेचार मीटर. वर वीजनिर्मितीचे पट्टे, त्यांची क्षमता १६ मेगावॉट. मोटार नाही, रिक्षा नाही, हॉर्न नाही. तेथे सायकल चालवताना मला मनापासून आनंद झाला, तो नाकारण्याचे कारण नाही. आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू यावा, अशी जागा या शहरात किती उरली आहे?

पण मी अंबरपेठेत राहतो. तेथून नानकरामगुडा वीस किलोमीटरांहून दूर. तो मार्ग गाठायचा तर अर्धे शहर वाहनांच्या लोंढ्यातून पार करावे लागते. म्हणून अनेक जण सायकल मोटारीवर बांधून नेतात, तासभर फिरवतात आणि पुन्हा मोटारीवर बांधून घरी आणतात. त्याच पहाटे अंबरपेठेच्या ‘छे नंबर’ चौकातून काही सायकली जात असतात. कोणावर फुलांच्या टोपल्या, कोणावर दुधाचे कॅन. एखाद्या सायकलवर रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी. त्यांच्या सायकलला ना गिअर, ना दिवा. २०२५ मध्ये गोलनाका ते अंबरपेठ उड्डाणपूल सुरू झाला आणि वेगवानांची एक अडचण दूर झाली. या मंडळींसाठी खालच्या रस्त्यावर हातभर पट्टाही आखलेला मला दिसत नाही. ज्याला सायकल हवीशी वाटते त्याला छत मिळाले. ज्याला सायकलवाचून चालत नाही, तो तसाच राहिला.

आता कोणी म्हणेल, हा जुना रडका सूर आहे. काही चांगले झाले की ‘गरिबाचे काय’ म्हणून विचारायचे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. वेगळ्या वाटेची बाजू भक्कम आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि चार हजारांहून अधिक सायकलवर. माणसांचे वळण सुधारेल, मोटारवाले वाट द्यायला शिकतील, तोवर थांबा, असे या मृतांच्या मुलाबाळांना सांगणे निर्दयपणाचे होईल. हॉलंडची गोष्ट सर्वांना ठाऊक असावी. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. त्यानंतर ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ आईबापांनी उभारली. त्यांचे मागणे होते घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचे. आजचे सायकलींचे हॉलंड त्या मागण्यातून घडत गेले. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सुमारे २१ किलोमीटरची वाट झाली. तीवर रविवारी हौशी लोक येतात आणि सोमवारी कामावर जाणारे. कारण तिच्या दोन्ही टोकांना शहर आहे. वाट म्हणजे काय, तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणारी ती. जेथून निघालो तेथेच आणून सोडते, ती बाग. बाग वाईट नव्हे. पण बाग देऊन वाटेचे देणे फिटत नाही.

आपल्याकडे याचा अस्सल दाखला वारीचा आहे. पंढरीचा जुना रस्ता पायांनी मळलेला. पुढे त्यावर ट्रक आले, एस.टी. आली, आणि दिंडीला जीव मुठीत धरून चालावे लागले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पायवाट राखण्याचे ठरले. ज्यांच्या पावलांनी तो रस्ता झाला त्यांनाच कडेची पट्टी मिळावी, याची मौज वाटते. पण ती पट्टी पंढरपूरला जाते, म्हणून माझी तक्रार नाही. वारकऱ्याला त्याच्या विठोबापासून दूर नेणारी वेगळी वाट कोणी आखली असती, तर तिच्यावर कितीही सावली असली तरी तो तिकडे फिरकला नसता.

हे झाले डांबराचे. मुरमाच्या वाटेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अलीकडे शहरातल्या सायकलस्वारांना रुंद टायरच्या सायकली घेऊन बिदर, उदगीर, देगलूरकडच्या कच्च्या वाटा धुंडाळण्याची ओढ लागली आहे. ओढ रास्त आहे. सन १४७२ चा महमूद गावानचा मदरसा किंवा १७६० च्या लढाईचे उदगीर मोटारीतून पाहण्यात आणि तुरीच्या, ज्वारीच्या शिवारातून धूळ खात तेथे पोचण्यात फार अंतर आहे. सायकलवरून चढ कळतो, वारा कळतो, कोणत्या गावात मराठी संपून कन्नड सुरू झाले तेही कळते. खरे तर ती संपत नाही. तीनचार गावे दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसलेल्या असतात.

पण ती वाट म्हणजे कोणाची तरी पांदण असते. आपल्याला ज्या मुरमाचे कौतुक, तो पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. त्यातून ऊस बाहेर काढायचा असतो, शाळेत जायचे असते, अडलेली बाई दवाखान्यात न्यायची असते. पांदण पक्की व्हावी म्हणून गावे वर्षानुवर्षे अर्ज करतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेपोटी. ‘ही वाट अशीच कच्ची राहू द्या, फार सुंदर आहे’ असे पाहुण्याने म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची सहल करणे होय. मुरूम टिकवायचाच असेल, तर चांगला दाबलेला, कडेला चर काढलेला, बारमाही मुरूम मागावा. त्यावर बैलगाडीही जाईल आणि सायकलही.

या बाबतीत आपला जुना महसूल कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १४३ व्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात पोचण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. तहसीलदाराने पाहायचे ते इतकेच, की शेतात पोचण्याची त्याची वाजवी गरज काय आहे. आणि असलेली वहिवाट कोणी अडवली, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहेच. म्हणजे मालकी एकाची असली तरी पोचण्याची गरज दुसऱ्याची असू शकते, हे आपण बांधाच्या बाबतीत केव्हाच मान्य केले. शहराच्या रस्त्यावर मात्र ते विसरलो. तेथे ज्याचे वाहन मोठे त्याची वहिवाट.

शेवटचा आणि सर्वांत अवघड दाखला माझ्या घराजवळचा. अंबरपेठ मुसी नदीच्या काठी आहे. नदीकाठ मोकळा करून तेथे बागा आणि फिरण्याच्या वाटा करण्याचे बेत गेली काही वर्षे होत आहेत. असा काठ झाला तर त्याहून चांगला सायकलमार्ग शहरात दुसरा नसेल; आणि तो शहराच्या पोटातून जाणारा, खरोखर पोचवणारा असेल. पण २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुसानगर, शंकरनगर अशा वस्त्यांतल्या घरांवर लाल खुणा झाल्या. काही घरे पाडली गेली आणि कुटुंबे सरकारी ‘डबल बेडरूम’ घरांत हलवली गेली. नदीच्या पात्रात राहणे धोक्याचे आहे, हे २८ सप्टेंबर १९०८ चा महापूर ज्या शहराने पाहिला त्याला सांगायला नको. घर हलवण्याला ते कारण पुरेसे असू शकेल. आपल्याला निवांत सायकल चालवता यावी, हे कारण पुरेसे नाही. दोन्ही कारणे एकाच कागदावर आली की कोणते खरे आणि कोणते तोंडी लावायला, हे विचारणे आपले काम आहे. घर गेलेल्या बाईचे धुण्याभांड्याचे काम जुन्याच मोहल्ल्यात असेल, तर तिच्या नव्या घरापासून त्या कामापर्यंतची वाट कोणी आखली, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

म्हणून वेगळी वाट चांगली की वाईट, असे सरसकट उत्तर मला देता येत नाही. ती कोठे पोचवते आणि तिची किंमत कोण मोजतो, एवढे पाहून मी ठरवतो. आपल्याहून मंद, आपल्याहून दुबळा असा कोणी तिच्यापायी मागे ढकलला जात असेल, तर ती वाट आपण घेतलेली असते, कोणी दिलेली नसते.

मला कोणी विचारलेच, तर ‘छे नंबर’पासून काचीगुडा स्टेशनापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर मी मागेन. मराठवाड्याकडच्या काही गाड्या तेथूनच सुटतात. वर छत नको, वीज नको. कडेने दोन हात रुंदीचा, दगड लावून राखलेला पट्टा पुरे. म्हणजे फुलांची टोपली बाजारात वेळेवर पोचेल आणि पहारेकरी घरी.