आबांची दवंडी

तेरणेच्या खोऱ्यात, आजच्या लोहारा तालुक्यात एक गाव होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि ते गाव जमीनदोस्त झालं. रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. पुढे धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली अनेक गावं नव्या जागी वसवण्यात आली. हे गाव त्यांतलंच एक.

जुनं गाव दाटीवाटीचं होतं. भिंतीला भिंत, बोळाला बोळ. पारावर हलगी वाजली की वेशीपासून नदीपर्यंत ऐकू जायची. नवं गाव मोकळं होतं. रस्ते रुंद, सरळ, आणि घरं ओळीत. ज्याची जमीन जास्त, त्याला 750 चौरस फुटांचं घर मिळालं. मधल्याला 400 चं. भूमिहीनाला आणि अडीच एकरांच्या आतल्याला 250 चं. हळूहळू ओळींनाही तीच नावं पडली. साडेसातशेची ओळ पुढे, डांबरी सडकेला लागून होती. अडीचशेची ओळ सगळ्यात मागे, उताराला होती.

या गावच्या ग्रामपंचायतीत एक शिपाई होते. सगळे त्यांना आबा म्हणत. दवंडी द्यायचं काम त्यांचंच. जुन्या गावात ते पारावर उभे राहून एकदा पुकारायचे आणि काम व्हायचं. नव्या गावात एका ओळीचा आवाज दुसऱ्या ओळीला जाईना. मग आबा हलगी गळ्यात अडकवून ओळ न् ओळ चालू लागले.

त्यांची एक सवय होती. दवंडी देऊन झाली की ते लगेच पुढे जात नसत. ओट्यावर टेकत, पाणी मागत आणि समोर खेळणाऱ्या एखाद्या पोराला विचारत, "म्या काय सांगितलं, सांग बरं." पोरगं बरोबर बोललं तर उठत. चुकलं तर पुन्हा हलगीवर टिपरू पडायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं, "ऐका हो ऐका!" लोक हसायचे. "आबा, किती वेळा तेच ते?" आबा म्हणायचे, "पोराला कळलं म्हणजे घराला कळलं."

वर्षं गेली. ग्रामपंचायतीची इमारत झाली. ओसरीत काचेचा फळा आला. देवळाच्या शिखराजवळ भोंगा बसला. घरोघरी मोबाइल आले आणि गावाचा एक ग्रुप तयार झाला. आबांची हलगी कार्यालयातल्या खुंटीवर गेली. रजिस्टरात दवंडीच्या रकान्यासमोर भोंग्याची नोंद होऊ लागली. आबा आता टपाल आणायचे, पंप चालू करायचे, साहेब लोकांना चहा सांगायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पुढे गावाला नव्या सरपंच मिळाल्या. तरुण होत्या, शिकलेल्या होत्या, मनाने चांगल्या होत्या. लोक त्यांना ताई म्हणत. त्यांच्याच काळात घरोघरी नळ देण्याची योजना गावात आली. जलवाहिनी कुठून न्यायची, हे ग्रामसभेत ठरायचं होतं. ज्याला नळ हवा त्याने अर्ज करायचा होता आणि थोडी अनामत भरायची होती.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा ठरली. ग्रामसेवक भाऊसाहेब कामाला चोख होते. त्यांनी सात दिवस आधी फळ्यावर नोटीस लावली, तिचा फोटो काढला. ग्रुपवर निरोप टाकला. भोंग्यावरून दोनदा पुकारलं.

सभेला मोजकीच माणसं आली. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पुढच्या तारखेला पुढच्या ओळीतले वीस-पंचवीस जण आले, हात वर झाले, ठराव झाला. जलवाहिनी साडेसातशेच्या आणि चारशेच्या ओळीतून गेली. मागच्या ओळीतून एकही अर्ज आला नव्हता. ठेकेदार काम उरकून गेला. घरोघरी नळ झाले म्हणून चौकातला सार्वजनिक नळ बंद करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी अडीचशेच्या ओळीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ग्रामपंचायतीसमोर आल्या.

"आमचं पाणी का तोडलं?" एका म्हातारीने विचारलं.

"मावशी, अर्ज का नाही केला?" ताई म्हणाल्या.

"कसला अर्ज? आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. नोटिशीची तारीख दाखवली. फळ्याचा फोटो दाखवला. ग्रुपवरचा निरोप दाखवला. सगळं नियमाने झालं होतं. बाया गप्प राहिल्या, पण घागरी घेऊन तिथेच बसल्या.

संध्याकाळी कार्यालय रिकामं झाल्यावर ताईंनी आबांना थांबवलं.

"आबा, खरं सांगा. कोण खोटं बोलतंय? भाऊसाहेब की या बाया?"

"कुनीच न्हाई, ताई," आबा म्हणाले. "उद्या सकाळी सातला या. जरा फिरून येऊ."

सकाळी सात वाजता दोघं ग्रामपंचायतीसमोर उभे राहिले. ओसरीच्या लोखंडी दाराला कुलूप होतं. काचेचा फळा आत होता. समोरून एक टेम्पो गेला, मजूर बायांनी भरलेला. भाकरीची गठुडी मांडीवर, डोक्याला फडकी बांधलेली.

"हे कुलूप दहाला निघतंय," आबा म्हणाले. "ह्या बाया सातला जात्यात, दिवस बुडताना येत्यात. सभेच्या दिवशी तर सोयाबीनची काढणी चालली होती. एका दिवसाचा रोज कोण बुडवील?"

मग दोघं मागच्या ओळीला गेले. पहिल्याच घरात एक सून भाकरी थापत होती. ताईंनी विचारलं, "घरात मोबाइल आहे का?"

"हाय की. पन मालकाजवळ. ते ऊसतोडीला गेल्यात."

पुढच्या घरातला मोबाइल लेकाजवळ होता, आणि लेक पुण्यात एका कारखान्यात कामाला होता. ग्रुपमध्ये त्याचा नंबर होता. निरोप त्याला मिळाला होता. त्याने वाचलाही होता. गावात घर असलेल्या त्याच्या आईला मात्र काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या घरी कालची म्हातारी भेटली. "मावशी, भोंगा तरी ऐकला असेल," ताई म्हणाल्या.

"ऐकला की," म्हातारी म्हणाली. "पर वारं इकडचं तिकडं. पानी, पैसं, भरा, एवढंच आलं कानावर. आमची पानीपट्टी थकलेली. आमाला वाटलं, वसुलीची मीटिंग हाय. मग कशाला यील कुनी? उलट म्या शेजारणींनाबी सांगितलं, त्या दिशी पंचायतीकडं फिरकू नका."

ताई ओट्यावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आबा, तुम्हाला हे माहीत होतं. मग मला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी न्हाई," आबा म्हणाले. "अन् हलगी खुंटीवर गेल्यापासनं मलाबी वाटलं, आता मशीन सांगतंय, आपलं काय काम? त्यात माझीबी चूक हाय."

त्याच दिवशी दुपारी ताईंनी चौकातला नळ पुन्हा सुरू करायला लावला. मग नवी ग्रामसभा बोलावली. दिवस आबांनी सुचवला. आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी मजुरीला खाडा असतो आणि माणसं गावात असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आजवर ती कागदावर व्हायची. या वेळी ती अडीचशेच्या ओळीतल्या लिंबाखाली ठेवली.

खुंटीवरची हलगी उतरली. आबांनी काटक्या पेटवून तिचं कातडं शेकलं, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि गळ्यात अडकवली. ताई त्यांच्याबरोबर निघाल्या. फळ्यावर नोटीस होतीच, ग्रुपवर निरोपही होता. त्यातलं काहीच बंद केलं नव्हतं. फक्त त्याच्या जोडीला चालणं आलं होतं.

प्रत्येक ओळीत आबा पुकारायचे, आणि पुकारून झालं की ताई विचारायच्या, "आम्ही काय सांगितलं, सांगा बरं." चारशेच्या ओळीत एक बाप्या म्हणाला, "थकबाकीवाल्यांचे नळ तोडणार हायत." आबांनी पुन्हा हलगी वाजवली, पुन्हा सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो बरोबर बोलला, आणि मग तोच शेजाऱ्यांना समजावून सांगू लागला.

सभेला इतकी माणसं आली की भाऊसाहेबांना सह्यांसाठी कागद जोडावे लागले. पहिला प्रश्न त्याच म्हातारीने विचारला. "टाकी वर हाय, आमची ओळ खाली हाय. पानी उताराला आपसूक येतंय. मग आमच्याकडं यायला अडचन कसली?"

अडचण काहीच नव्हती. टाकीपासून मागच्या ओळीपर्यंतचं अंतर तर सगळ्यात कमी होतं. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायांना ते पहिल्यापासून माहीत होतं. नकाशा करणाऱ्याला माहीत नव्हतं, कारण त्याला सांगायला सभेत कुणी नव्हतं.

ठराव झाला. अनामत हप्त्याने भरायची सोय झाली. काम लगेच झालं नाही. मंजुरीला, पाइपला, खोदाईला उन्हाळा उजाडला. पण पाडव्यानंतर अडीचशेच्या ओळीतही नळाला पाणी आलं.

त्यानंतर ताईंनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला. 'नोटीस कधी दिली' याच्या शेजारी 'उलट कुणी सांगितलं' असा. प्रत्येक ओळीतल्या एका माणसाचं नाव त्यात लिहायचं. भाऊसाहेब आधी कुरकुरले. हे कुठल्या नियमात बसतं, म्हणाले. मग एकदा घरकुलाच्या यादीवरून भांडण होणार होतं, ते त्या रकान्यामुळे टळलं. तेव्हापासून तो रकाना भरायला ते स्वतःच जाऊ लागले.

ही गोष्ट एका गावाची. पण असा काचेचा फळा कुठल्या गावात नाही? नियमाने नोटीस किती दिवस आधी द्यायची, सभेला किती माणसं लागतात, हे सगळं लिहून ठेवलं आहे. नोटीस दिली की नियमाचं समाधान होतं. माणसाचं समाधान ती पोचल्यावर होतं, आणि ती पोचली की नाही हे ऐकणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय समजत नाही. सांगणाऱ्याने सांगून मोकळं व्हायचं आणि न आलेल्यांना बेफिकीर ठरवायचं, ही सोयीची वाट आहे. त्या वाटेने गेलं की चांगली योजनासुद्धा पुढच्या ओळीतच संपते.

तुमच्या हाती पद असेल, तर पुढच्या वेळी शेवटच्या घरापर्यंत चालत जा आणि तिथे थोडं थांबा. पद नसेल, तर एवढं करा. ग्रामसभेचा निरोप तुमच्या मोबाइलवर आला, की ज्या शेजाऱ्याच्या घरचा मोबाइल पुण्याला किंवा उसाच्या फडात आहे, त्याला तो तोंडी सांगा. आणि तुम्ही काय सांगितलं, ते त्याच्याकडून एकदा ऐकून घ्या.