परत येणारा कर

दक्षिण स्वीडनमधल्या एका शहरात घराघरांना ऊब पुरवणारं एक केंद्र होतं. लाकडाच्या भुशावर मोठा बॉयलर पेटायचा आणि जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी सगळ्या शहरात फिरायचं. बॉयलरवर एक जुना कामगार होता. आगीचा आवाज ऐकून तो हवेची झडप कमी-जास्त करायचा. त्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

1992 च्या जानेवारीत सरकारने मोठ्या बॉयलरांवर कर बसवला. धुरातून जाणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडच्या दर किलोमागे 40 क्रोनर! हे वायू एरवी धुरात डोळ्यांना दिसतही नाहीत, पण हवेत त्यांचं आम्ल होतं आणि ते पावसाबरोबर तळ्यांत उतरतं. कितीतरी तळ्यांतले मासे संपले होते. पाण्यात चुनखडीची भुकटी टाकून तळी वाचवायची धडपड चालली होती.

कामगार धास्तावला. "एवढा भुर्दंड बसल्यावर पहिली कुऱ्हाड आमच्यावरच पडणार."

"सरकार हा पैसा ठेवून घेणार नाही," व्यवस्थापक म्हणाला. "सगळ्यांचा एकत्र जमेल आणि ज्याने जितकी ऊर्जा दिली, त्या प्रमाणात परत वाटला जाईल."

"मग घ्यायचाच कशाला?"

"तेवढ्याच उबेसाठी आपण इतरांपेक्षा कमी वायू सोडला, तर त्यांचा पैसा आपल्याकडे येईल. जास्त सोडला, तर आपला त्यांच्याकडे जाईल."

कुठल्याही कराबद्दल सामान्य माणसाने आधी हेच विचारावं, की पैसा जातो कुठे. रोजगाराचं बरंचसं भवितव्य त्या उत्तरात असतं.

धुराड्यात मोजयंत्र बसलं. आपल्या हाताने काय घडतं, ते कामगाराला पहिल्यांदाच दिसलं. हवा वाढवली की नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा चढे. फार कमी केली की आग अर्धवट जळे आणि कार्बन मोनॉक्साइड वाढे. या दोहोंमधली जागा तो शोधत राहिला. ओल्या भुशाला ती एक, कोरड्याला दुसरी. सापडेल ते वहीत लिहून ठेवी. पुढे धुरावर अमोनिया फवारायची सोयही आली, पण सुरुवातीची घट झाली ती या झडपेवरच.

देशभर असंच चाललं होतं. काही वर्षांतच कराखालच्या बॉयलरांमधून ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा हा वायू सुमारे 40 टक्क्यांनी घटला. मोजयंत्राचा खर्च झेपणार नाही म्हणून लहान बॉयलर आधी वगळले होते. पुढे त्यांतलेही बरेच कराखाली आले.

पहिल्या वर्षाचा हिशेब झाला, तेव्हा केंद्राच्या हाती भरायच्या रकमेपेक्षा जास्त पैसे आले. व्यवस्थापकाने वही मागवली. रात्री आकडा हमखास चढलेला होता.

"रात्री एकच माणूस असतो," कामगार म्हणाला. "भुसा बघायला गेला की झडपेकडे कोण बघणार?"

पुढच्या महिन्यापासून रात्रपाळीला आणखी एक माणूस घेतला. त्याला शिकवायचं काम जुन्या कामगाराकडे आलं.