वादामध्ये शब्ददोषाचे स्थान



शास्त्रचर्चेत समोरच्याच्या भाषेतील चूक दाखविणे हे केव्हा कर्तव्य ठरते आणि केव्हा तो दाखविणाराचाच दोष होतो, हा प्रश्न मजपुढे एका चिठ्ठीने उभा केला. प्रसंग माझ्याच प्रमादाचा आहे. म्हणून प्रथम तोच सांगतो.

शेंद्रा येथे चातुर्मासात सायंकाळी निरूपण चालू होते. जालना रस्त्यावरील औद्योगिक वसाहत जवळच असल्यामुळे श्रोत्यांत गावचे शेतकरी होते, तसे कारखान्यातील पाळी संपवून येणारे तरुणही होते. विषय देवतांचा होता. निरूपण संपल्यावर एका तरुणाने, बोलण्याचा संकोच वाटून, चिठ्ठी पुढे केली. आपल्या आईने जन्मभर देवीची भक्ती केली, ती सारी निष्फळ गेली काय, आणि तिच्या जीवाचे पुढे काय, एवढाच तिचा आशय. चिठ्ठीत 'जीव' हा शब्द 'जिव' असा व 'भक्ती' हा 'भक्ति' असा लिहिला होता. मी ती मोठ्याने वाचली आणि म्हणालो, "आधी जीव नीट लिहावा, मग त्याच्या मोक्षाचे पाहू." मंडळी हसली. त्या हास्याच्या भरात मी अनन्यतेवर चार वाक्ये बोललो व पोथी बांधली. तरुण दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

रात्री विचार करता प्रथम ध्यानात आले ते हे की, ज्या दोन चुका मी काढल्या त्यांतील एक चूकच नव्हती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले. तत्पूर्वी 'भक्ति' असे ऱ्हस्वान्त लिहिणे हेच शुद्ध मानले जाई. आपल्या जुन्या छापील ग्रंथांत ते तसेच आहे. हस्तलिखित पोथ्यांविषयी तर बोलावयासच नको. तेथे ऱ्हस्वदीर्घाचा आजचा नियम लावू गेल्यास आपल्या पूज्य लेखकांपैकी एकही परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही.

परंतु चूक खरी असती, तरी माझे वर्तन न्याय्य ठरले असते काय? न्यायशास्त्राने वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन प्रकार केले. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जयासाठी जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पाडणे ही वितंडा. पराजयाची जी बावीस निग्रहस्थाने न्यायसूत्रांत सांगितली, त्यांत 'अर्थान्तर' नावाचे एक आहे. प्रस्तुत विषय सोडून भलत्याच विषयात शिरणे, हे त्याचे लक्षण. त्याचे उदाहरण म्हणून भाष्यकार वात्स्यायनाने जो वादी दाखविला आहे, तो हेतू मांडावयाचे सोडून 'हेतु' या शब्दाचा धातू कोणता आणि प्रत्यय कोणता, याचे व्याकरण सांगत सुटतो. दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या भाष्यकाराने जणू माझ्या शेंद्र्याच्या सभेचेच वर्णन करून ठेवले! दोष नसता दोष लावणे हेही त्या बावीसांत आहे. त्याचे नाव निरनुयोज्यानुयोग. म्हणजे एका चिठ्ठीवर मी दोनदा निग्रहास पात्र झालो आणि सभा मात्र मलाच विजयी समजली.

यावरून शब्दाची चिकित्सा व्यर्थ, असे कोणी समजू नये. आपल्या पंथात व्याकरण जन्मले ते सूत्रार्थाच्या सेवेसाठी. भीष्माचार्यांचे पंचवार्तिक मराठीच्या आद्य व्याकरणविचारांत गणले जाते. 'बद्धमुक्त' हा जीवाविषयीचा शब्द घ्या. बद्धही आणि मुक्तही, असा विग्रह केला तर सिद्धांतच ढासळतो; अनादी अविद्येने बद्ध, परंतु मुक्त होण्यास योग्य, असा केला तर तो उभा राहतो. येथे समासाचा वाद हा मोक्षाचा वाद आहे. याउलट 'जिव' लिहिल्याने तो जीव देवता होत नाही, की प्रपंच होत नाही. अक्षर बदलल्याने प्रस्तुत विषयाचा अर्थ बदलतो की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरते.

आता माझा खरा अपराध. त्या चिठ्ठीत चिकित्सेस योग्य असा एक शब्द होता, आणि नेमका तोच मी सोडला. तो शब्द 'निष्फळ'. देवता नित्यबद्ध आहेत, त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, हा आपला सिद्धांत. परंतु देवताभक्तीला फळच नाही, असे आपले शास्त्र म्हणत नाही. फळ आहे, ते नाशवंत आहे. 'निष्फळ' आणि 'अनित्यफळ' यांतले अंतर त्या मुलास समजावून दिले असते, तर त्याच्या आईच्या आयुष्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली असती. मी वेलांट्या पाहत बसलो. असे का झाले? मला वाटते, श्रद्धा आणि सिद्धांत समोरासमोर आले की आपण मनातून भितो. तेथे जय निश्चित नसतो. वेलांटीत तो निश्चित असतो.

आपल्या पूर्वसूरींची रीत निराळी होती. म्हाइंभट विद्येचा अभिमान धरून वादास आले; तेच पुढे लीळाचरित्रासाठी गावोगाव हिंडून ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारीत गेले. आठवणींत भेद आढळला तेथे परंपरेने एक ठेवून दुसरी पुसली नाही. 'वासना' म्हणून ती शेजारी नोंदविली. केशोबास संस्कृताचे पंडित, रत्नमालास्तोत्र त्यांचेच. त्यांनी संस्कृतात विचारले असता नागदेवाचार्यांनी, आपणांस सर्वज्ञांनी मराठीतच निरूपिले, तीतच विचारा, असे म्हटल्याचे स्मृतिस्थळात आहे. संस्कृत ग्रंथरचनेने साध्याभोळ्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, ही त्यांची चिंता होती. मी तर मराठीतच एका म्हातारीला नागविले, तीही सभेत नसताना.

एका सद्भक्ताकरवी निरोप धाडला. पंधरवड्याने तो तरुण आला, सोबत आई. मी सभेतच त्याची क्षमा मागितली आणि फळाचा भेद सांगितला. म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, फळ टिकत न्हाई, ते कळलं. पर हे लेकरू दुखण्यात व्हतं तवा तिच्याम्होरं दिवा लावला. त्यो आता कसा इझवू?"

तिच्या वाक्यात व्याकरणाने सुधारावे असे पुष्कळ होते, सिद्धांताने खोडावे असे थोडे. अनन्यतेचा मार्ग मी न लपविता सांगितला. उपदेश घेणाराने अन्य देवतांचे भजन सोडले पाहिजे, हेही सांगितले. ती म्हणाली, "मग थोडं दिस थांबते." मी आग्रह केला नाही. मुलगा निरूपणास नियमाने येऊ लागला. घरी दिवा मात्र चालू राहिला. माझे हे न आग्रहणे योग्य की शिथिल, याविषयी ज्येष्ठ महंतांनी व अभ्यासकांनी आपले मत याच पृष्ठांतून अवश्य कळवावे.